पाण्याला हात आबांचाच

आमच्या आबांना काय कळत होतं आणि काय कळत नव्हतं, हे त्यांच्या घरात नांदून मला कळलं नाही आणि ते गेल्यावर इतकी वर्षं डोकं खाजवूनही कळलेलं नाही. आबा म्हणजे माझे सासरे. साक्रीच्या बाजारात मी कोणाची सून ते कळलं की भाजीवाली वजन झाल्यावर वरून दोन वांगी टाकायची, असा माणूस. त्यांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांना रोज भाकरी वाढत होते, म्हणजे माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलं नसेल, आणि तरी मला विचाराल तर मी गोंधळलेलीच आहे. गोंधळलेल्या बाईनं लिहू नये असं काही कुठं नाही, म्हणून लिहिते.

माझं माहेर जळगावचं. वडील कचेरीत, घर शहरात, पाणी नळाला. साठ सालानंतर लगेचच लग्न होऊन मी साक्रीच्या खाली, पांझरा नदीच्या काठच्या एका गावात आले. पहिले कितीतरी महिने माझी बोबडीच वळलेली होती. घरात सगळे अहिराणी बोलायचे. 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं' एवढं मला लवकर आलं, बाकीचं मी मान हलवून निभावून न्यायची. आजही मला ती बोली धड येत नाही, म्हणून त्या माणसांचं बोलणं इथे बहुतेक माझ्याच तोंडानं सांगते.

आणि त्यात हे पाणी. शहरातल्या मुलीला पाणी म्हणजे काय, तोटी सोडायची आणि बंद करायची. इथे पाणी म्हणजे मोठा कारभार. नदीत फार जुना दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, म्हणजे कालवा, आणि पाटाच्या खाली शेतांचे मोठमोठे तुकडे. त्या एकेका तुकड्याला फड म्हणायचे. एका फडात पुष्कळ जणांची शेतं, पण पीक सगळ्यांनी मिळून एकच घ्यायचं. या फडात गहू ठरला की सगळ्यांचा गहू, त्या फडात ऊस तर सगळ्यांचा ऊस, आणि एखादा फड त्या वर्षी नुसता पडीक ठेवायचा. इथवर ठीक. पण आपल्या शेताला आपण पाणी द्यायचं नाही. अजिबात नाही. गावानं नेमलेला एक माणूस वरच्या शेतापासून खालच्या शेतापर्यंत ओळीनं पाणी देत जाणार, त्याला पाटकरी म्हणायचे. शेताच्या तोंडाशी मातीचा बांध असतो, तो फावड्यानं फोडून तो पाणी आत घेणार, शेत भरलं की माती टाकून बुजवणार आणि पुढच्या शेताकडे वळणार. मालकानं बांधावर उभं राहून बघायचं, फावड्याला हात लावायचा नाही.

आबा पाटकरी होते. कधीपासून, हे गावात कोणालाच नीट सांगता यायचं नाही, कारण विचारलं तो माणूस म्हणायचा, मी लहान होतो तेव्हापासून.

मी हे सगळं ऐकून चाटच पडले. माझं शेत, माझं पीक, आणि दुसरा येऊन पाणी सोडेपर्यंत मी हातावर हात ठेवून बसायचं? नवी होते तरी माझी जीभ काही नवी नव्हती. एकदा जेवण वाढता वाढता मी डोक्यावरचा पदर सावरत आबांना विचारलंच. ते भाकरीचा तुकडा कालवणात बुडवत हसले. म्हणाले, "पोरी, माणूस आपल्या शेताला पाणी देतो ना, तेव्हा त्याला ते भरलेलं दिसतच नाही."

आमचं स्वतःचं शेत फडाच्या अगदी शेपटाला. म्हणजे सगळ्यांचं भरून झाल्यावर उरलं तर आमचं. गहू असेल त्या वर्षी आमचा गहू शेजारच्यापेक्षा बोटभर ठेंगणा. जिजी, म्हणजे माझ्या सासूबाई, जात्यावर बसल्या की हीच तक्रार. "गावाला पाणी पाजणाऱ्याशी लग्न केलं आणि आमच्याच शेतात ढेकळं," असं त्या म्हणायच्या, आणि आबा समोरून गेले की लगेच त्यांच्यासाठी पाटावर न्यायची भाकरी फडक्यात बांधायच्या. मला त्या रागावलेल्या आहेत की अभिमानानं फुगल्यात, हे कधी उमगलंच नाही.

आबांचं काम नुसतं पाणी देण्याचं नव्हतं. पावसाळा संपला की पाट उपसायचा, गाळ काढायचा, त्यासाठी घरटी एक माणूस यायचा, पण पहिलं घमेलं आबांच्या डोक्यावर. बंधाऱ्यावर नारळ फोडून सगळ्यात आधी ते कमरेएवढ्या पाण्यात उतरायचे. कोणाच्या बांधाचं भांडण असो, कोणाची गाय पाटात पडलेली असो, कानबाई देवीच्या विसर्जनाला नदीत पाणी कमी असो, लोक आधी आमच्या ओट्यावर यायचे. सुगीला प्रत्येक खळ्यावरून त्यांच्या वाट्याचं धान्य घरी यायचं, आणि गरिबाच्या घरून आलेल्यातलं अर्धं ते काहीतरी निमित्त काढून परत पाठवायचे. जिजींना ते दिसायचं. त्या तोंड फिरवून उभ्या राहायच्या.

माझे यजमान धुळ्याला कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यात कामाला होते, शनिवारी संध्याकाळी येऊन सोमवारी पहाटे जायचे. त्यामुळे घरात बहुतेक वेळ आम्ही तिघंच. म्हणूनच की काय, पहिल्यांदा खटकलं ते मला.

पाऊस कमी झालेल्या एका वर्षाचा हिवाळा होता, सत्तर सालच्या पुढचा. आबा दुपारचं जेवून उठले, चूळ भरली, ओट्यावर बसले आणि थोड्या वेळानं आत येऊन परत जेवायच्या पाटावर बसले. म्हणाले, "वाढ." मला वाटलं थट्टा करतायत. मी म्हटलं, "आबा, आता रात्रीचंच का?" ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी मुकाट्यानं ताट घेतलं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "भूक नाही गं." मी ताट उचललं.

मग दुसरं. फावडं चुलीमागच्या कोनाड्यात सापडलं. मग एकदा शेजारच्या घराच्या ओट्यावर जाऊन स्वस्थ बसले आणि तिथल्या सुनेला म्हणाले, चहा टाक. तिनं बिचारीनं टाकला, दिला, आणि मागच्या दारानं मला येऊन सांगून गेली. जिजींना सांगितलं तर त्या माझ्यावरच उखडल्या. "त्याला थट्टेची सवय शे. तू शहरातली, तुला नाही कळायची." शनिवारी यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुला उगाच वाटतं. वय झालंय, चालायचंच." आणि खरंच, पुढचे आठ-दहा दिवस आबा इतके ठणठणीत वागले की मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय. मला माझ्या आजोळच्या गोष्टी विचारायचे, कोणत्या विहिरीला किती पाणी असायचं हे जुनं जुनं सांगायचे, सगळं अचूक.

मग गव्हाचं झालं.

त्या वर्षी वरच्या फडात गहू होता. पाटाला पाणी कमी, म्हणजे प्रत्येकाची वेळ लांब अंतरानं यायची आणि चुकली तर पीक हातचं जायचं. फडात मधोमध दोन शेतं शेजारी शेजारी होती. एक अक्कांचं. अक्का म्हणजे तरुणपणीच नवरा गेलेली, दोन मुलींना एकटीनं वाढवलेली बाई. तिच्या पुढचं शेत भाऊचं. भाऊ माझ्या यजमानांच्या बरोबरीचा, अंगानं दांडगा, तोंडानं त्याहून दांडगा. आबांनी एक दिवस अक्कांचं शेत भरलं आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी जाऊन परत अक्कांचंच शेत भरलं. मग भाऊचं सोडून त्याच्या पुढच्या शेताला पाणी लावलं. भाऊ बांधावर उभा राहून बघत होता आणि एक शब्द बोलला नाही.

तुम्ही म्हणाल, बोलला का नाही. मलाही तेव्हा हाच प्रश्न पडला होता. मी असते तर तिथल्या तिथे ओरडले असते. पण त्या गावात पाटकऱ्याला विचारायची रीतच नव्हती. पाण्याला हात आबांचाच, आणि आबांनी केलं म्हणजे काहीतरी असेल. अक्कांनाही तसंच वाटलं. भाऊला वाटलं, पुढच्या खेपेला भरून देतील. पुढची खेप आली. आबांनी पुन्हा तेच केलं. अक्कांचं दोनदा, भाऊचं कोरडं.

आता मात्र गावाची जीभ सुटली. पाणवठ्यावर मी घागर ठेवली की बायका गप्प व्हायच्या, यावरूनच मी समजले. शेवटी एकीनं सांगितलं. अक्कांचा नवरा गेला तेव्हा तिनं शेत विकायला काढलं होतं आणि आबांनीच तिला विकू दिलं नव्हतं, ही जुनी गोष्ट लोकांनी उकरून काढली होती. त्या वेळेपासूनचंच काहीतरी असेल म्हणे. आबा आता म्हातारपणी एकीला दोनदा पाणी देतायत आणि एकाचं तोडतायत म्हणे. माझं डोकं सणकलं. घागर तशीच टाकून मी घरी आले.

त्याच दिवशी संध्याकाळी भाऊ आमच्या ओट्यावर आला. बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "आबा, मना गहू मरी ऱ्हायना." माझा गहू मरतोय. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. आबांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "दिधं ना तुले," ते म्हणाले. दिलं ना तुला. भाऊनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जिजींकडे, आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी निरोप आला की रविवारी मारुतीच्या देवळापुढं पंच बसणार.

शनिवारी यजमान आल्या आल्या मी त्यांना धरलंच. म्हटलं, आबांना आठवत नाही, हे जाऊन नानांना सांगा. नाना म्हणजे पंचांमधले सगळ्यात वडील, आबांचे लहानपणापासूनचे सोबती. यजमान म्हणाले, "सांगितलं तर उद्यापासून फावडं काढून घेतील हातातून. मग काय करतील ते दिवसभर?" मी म्हटलं, "आणि नाही सांगितलं तर लबाड ठरतील. आयुष्यभर कोणाच्या थेंबाला हात लावला नाही त्या माणसाला लबाड म्हणवून घेऊ?"

जिजी आतून ऐकत होत्या. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "म्हणू दे लबाड. लबाड माणसाला शिव्या देतात, पण पंगतीत बसवतात. डोकं गेलेल्याला पोरं दगडं मारतात."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. माझ्यावर उखडल्या तेव्हाही ठाऊक होतं. मला त्यांचा राग यावा की त्यांच्या गळ्यात पडावं, काही सुचेना. यजमान नुसते उठले आणि बैलांना चारा टाकायला गेले. काहीच ठरलं नाही. ठरलं असतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं, आता तसंही वाटत नाही.

रविवारी सकाळी पंच बसले. बायकांनी तिथे जायचं नसतं, पण देवळामागच्या भिंतीला टेकून आम्ही चार-पाचजणी उभ्या होतो, आणि अक्का तर सरळ पुढंच जाऊन उभी होती. आबा स्वच्छ धोतर नेसून, टोपी घालून बसले होते. मला त्यांची इतकी काळजी वाटत होती की मी भिंतीचा चुना नखांनी खरवडत होते.

नानांनी विचारलं, "आबा, अक्काच्या शेताला दोनदा पाणी गेलं, भाऊचं राहिलं. कसं झालं?"

आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग मान वर करून म्हणाले, "मी मुद्दाम दिधं."

माझ्या बाजूला उभ्या जिजींनी डोळे मिटले. समोर एकदम गलका झाला. कोणीतरी म्हणालं, बघा, कबूल केलं. यजमान खाली बघत होते. मी मनात म्हणत होते, आबा, का असं बोलताय, मुद्दाम कशाला द्याल तुम्ही. ते खरंच तसं समजत होते की आपलं विसरणं झाकत होते, की दोन्हीतलं काहीच नव्हतं आणि विचारलं म्हणून काहीतरी उत्तर दिलं होतं? मला आजही सांगता येणार नाही.

मग अक्का बोलली. ती कोणाला भिणारी नव्हतीच. म्हणाली, "मुद्दाम दिलं तर माझ्यावर कसला राग काढला म्हणायचं? जाऊन बघा माझं शेत. पाणी साचून अर्धा गहू पिवळा पडलाय. मी दोन पोरींना काय तो पिवळा पाला खाऊ घालू?"

इतके दिवस सगळे भाऊचं कोरडं शेत बघत होते, अक्काचं बुडालेलं शेत कोणी पाहिलंच नव्हतं. ज्याच्यावर मेहेरबानी करायची त्याचं पीक कोणी बुडवत नाही. एवढी साधी गोष्ट, पण ती ऐकल्यावर लोकांचे चेहरेच बदलले.

नाना जरा पुढं सरकले. आवाज अगदी मऊ करून त्यांनी विचारलं, "आबा, काल पाणी कुठपर्यंत आणलं होतं?"

"खालच्या फडात," आबा लगेच म्हणाले. "लिंबाच्या झाडापर्यंत."

खालचा फड त्या वर्षी पडीक होता. आणि ते लिंबाचं झाड मी लग्न होऊन यायच्या आधीच कधीतरी पुरात गेलेलं. मला ते ठाऊक नव्हतं, जिजींनी नंतर सांगितलं. पण तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कोणी कोणाकडे बघेना. नानांनी टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली. आता कोणीतरी उठून ते म्हणणार, की म्हाताऱ्याला काही आठवत नाही, फावडं काढून घ्या, असं मला दिसायला लागलं होतं. आबा सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होते, जणू आपण काही चुकीचं बोललो का, असं.

तेवढ्यात भाऊ उभा राहिला. भाऊ, ज्यानं पंच बसवले तो.

"नाना," तो म्हणाला, "राहू द्या. पाणी मला मिळालं होतं. माझ्या शेतात उंदरांनी बिळं केलीत. बठ्ठं पाणी बिळात गेलं. मी उगाच आबांवर आळ घेतला."

आता अख्ख्या शेताचं पाणी पिणारा उंदीर खानदेशात अजून जन्मलेला नाही. पण नाना म्हणाले, "उंदीर फार झालेत यंदा." दुसरा एकजण म्हणाला, "माझ्याही शेतात आहेत." आणि बघता बघता पंच उठले. आबा भाऊला म्हणाले, "बिळं बुजवून घे." भाऊ म्हणाला, "घेतो, आबा." मी भिंतीमागे उभी राहून हसत होते आणि माझे डोळे वाहत होते. मला स्वतःचंच काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून एक नवीनच प्रकार सुरू झाला. आबा नेहमीसारखे फावडं खांद्यावर टाकून पाटावर जायचे. त्यांच्या मागून, एक-दोन शेतं अंतर ठेवून, भाऊ. आबा एखाद्या शेताचं तोंड फोडायचे. बरोबर असलं तर भाऊ बांधावर बसून राहायचा. चुकीचं असलं तर आबा पुढं गेल्यावर येऊन ते बुजवायचा आणि ज्याची वेळ असेल त्याचं फोडायचा. मालकानं फावड्याला हात लावायचा नाही, ही रीत गावानं त्याच्यापुरती बाजूला ठेवली, आणि त्यावर चकार शब्द कोणी काढला नाही. ज्या गावात कोणाच्या घरी काय शिजलं हे दुपारच्या आत सगळ्यांना कळायचं, ते गाव याबाबतीत मुकं झालं. पोरांनासुद्धा दम भरलेला होता. वाटेत भेटणारा प्रत्येकजण आबांना पूर्वीसारखंच विचारायचा, "आबा, पाणी कुठवर आलं?" आणि आबा जे सांगतील त्यावर मान हलवून पुढं जायचा.

मला हे आवडत नव्हतं. स्पष्टच सांगते. अख्खं गाव मिळून एका म्हाताऱ्या माणसापुढं नाटक करतंय आणि आपण घरचे त्यात सामील, असं मला वाटायचं. उद्या त्यांच्या लक्षात आलं तर त्यांना काय वाटेल? कोणी मागं फिरून फिदीफिदी हसलं तर? जिजी म्हणायच्या, "खातो, झोपतो, कामाला जातो. अजून काय पाहिजे तुला?" खरंच आबा खुशीत होते. पण मला रात्री झोप लागेना.

एकदा भाऊ पाटावर एकटा सापडला तेव्हा मी त्याला विचारलंच. म्हटलं, "भाऊ, हे किती दिवस चालायचं? आणि तुमचं शेत तर त्यांच्यामुळंच करपलं."

तो फावड्याच्या दांड्याला टेकून उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, माझा बाप गेला त्या दिवशी आमच्या गव्हाला पाण्याची वेळ होती. आम्ही सगळे नदीवर, स्मशानात. मी तर पाण्याचं विसरूनच गेलो होतो. परत येताना बघतो तर शेत काठोकाठ भरलेलं. आणि आबा स्मशानातही होते, खांदा दिलेला त्यांनी. ते मधून कधी गेले आणि कधी आले, मला आजवर कळलेलं नाही." मग म्हणाला, "पंचांत त्यांनी लिंबाचं झाड म्हटलं ना, तेव्हा मला कसंसं झालं. त्या झाडाखाली बसून मला त्यांनी पाणी कसं वळवायचं ते शिकवलं होतं. मी पोर होतो. माझ्या बापाला वेळ नसायचा."

तरी माझ्या मनातली टोचणी काही गेली नाही. मी आपली रोज न्याहारी घेऊन जायची, आबांना वाढायची, आणि येताना भाऊकडे न बघता निघून यायची. बघितलं तर आबांना कळेल, असं उगाच वाटायचं.

गहू ओंबीत आला. शेवटचं पाणी चाललं होतं. अक्काचं अर्धं शेत सावरलं होतं, भाऊचं मात्र फारसं काही हाताला लागणार नव्हतं. त्या दिवशी मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन गेले. आबा बांधावर बसले, फडकं सोडलं, सावकाश जेवायला लागले. त्यांची पाठ भाऊकडे होती. भाऊ मागच्या शेतात वाकून घाईघाईनं काहीतरी बुजवत होता, आणि मी त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

आबा तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायले. तोंड पुसलं. मागं वळून न बघता, अगदी रोजच्या आवाजात मला म्हणाले, "मना मांगे जो येस ना, त्याले सांग, माटी नीट दाबत जाय. पानी झिरपस."

माझ्यामागं जो येतो ना, त्याला सांग, माती नीट दाबत जा. पाणी झिरपतं.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि पदर-बिदर विसरून विचारलं, "आबा, तुम्हाला ठाऊक आहे? कधीपासून ठाऊक आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेच डोळे, दुसऱ्यांदा जेवायला बसले होते तेव्हाचे.

"काय?" ते म्हणाले.

मी परत विचारलं नाही. विचारवलंच नाही. ते उठले, फावडं खांद्यावर घेतलं आणि बांधाबांधानं पुढं निघाले. मी भांडी तिथेच ठेवून मागं भाऊकडे गेले आणि जे ऐकलं ते शब्दाला शब्द त्याला सांगितलं.

भाऊनं खाली पाहिलं. त्यानं नुकत्याच टाकलेल्या मातीतून खरंच पाण्याची बारीक धार निघाली होती. "अजून काय म्हणाले?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, एवढंच. त्यानं फावडं टाकून दिलं आणि दोन्ही टाचांनी ती माती दाबायला लागला. धार थांबली तरी दाबतच राहिला. एवढा दांडगा माणूस, पण गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

पलीकडे आबांनी पुढच्या शेताचं तोंड फोडायला घेतलं होतं. ते शेत भाऊनं कालच भरलेलं होतं.